एकतीस स्टिकरांचं पान

१

रीता रहांगडालेचं पान चोरीला गेलं, तेव्हा केवलराम टेंभरे एका सासूबाईंच्या घड्याळात शिरलेला होता.

घड्याळ सुनेनं पाण्यात टाकलं होतं. चुकून, असं सून म्हणाली होती. केवलरामनं डाव्या डोळ्यात भिंग अडकवलं, उजवा मिटला आणि मशीनवर चढलेला गंज पाहिला. त्याला त्यात चुकीचं काहीच दिसलं नाही. सगळं नीट ठरवून केल्यासारखं होतं.

"माहं पान!" रीता ओरडली. "माहं पान कोनं नेलं?"

गोरेगावच्या बस स्टँडसमोरचं हे दुकान. एकेकाळी त्याच्या पाटीवर फक्त 'प्रसाद वॉच' होतं. मग खाली बारीक अक्षरांत 'अँड मोबाईल' आलं. पुढच्या वेळी पाटी रंगवली तेव्हा 'मोबाईल' मोठं झालं आणि 'वॉच' बारीक. घड्याळांची चौदा फुटांची जागा आकसत आकसत कोपऱ्यातल्या तीन फुटी टेबलावर आली. त्या टेबलामागे केवलराम सव्वीस वर्षं बसत होता आणि पाळण्यातल्या धाकट्यावर थोरलं पोर जळतं, तसा मोबाईलवर जळत होता.

या महिन्यात जळायला आणखी एक कारण मिळालं होतं. तारिको नावाच्या कंपनीनं स्कीम काढली: जो सेल्समन तारिकोचा फोन विकेल, त्याला फोनमागे चारशे रुपये रोख, कंपनीकडून थेट हातात. पुरावा म्हणून डब्यावरचा बारकोडचा स्टिकर कापायचा आणि वहीत आपापल्या पानावर चिकटवायचा. महिनाअखेरीस कंपनीचे धर्मेंद्र सर येऊन स्टिकर मोजणार. स्टिकर नाही तर पैसा नाही. कॉम्प्युटरमध्ये सगळी नोंद असते म्हणे. पण कंपनीचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता, कॉम्प्युटरचा सेल्समनवर नव्हता, आणि दोघांचाही डिंकावर होता. जो पहिला येईल त्याला वर पाच हजार आणि वाघाच्या पट्ट्यांचा एक शेला.

वही काउंटरजवळ खिळ्याला सुतळीनं टांगली होती. कोणाचे किती झाले, ते सगळ्यांना येताजाता दिसावं म्हणून. दिसत होतंच. त्यामुळे तीन आठवड्यांपासून दुकानात कोणी कोणाला पाणी विचारत नव्हतं.

आज महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारी चारला धर्मेंद्र सर येणार. आणि वहीतलं तीन नंबरचं, रीताचं, एकतीस स्टिकरांचं पान गायब.

मालक दुर्गाप्रसाद शेठ गल्ल्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते शांतपणे म्हणाले, "चूहा असंन."

उंदराला तिसरं पानच का आवडावं, हे कोणी विचारलं नाही. रीता रडायच्या बेतात होती. हिमांशू, म्हणजे एकोणतीस स्टिकरवाला, न हसण्याची मेहनत करत होता. सोनू, मोबाईलला काच लावणारा, सहा स्टिकरवाला, छताकडे पाहत होता.

"चूहा नसंन," शेठ सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "त मंग ज्याचं वहीत पानच नाई, त्यानं नेलं असंन. ज्याले काही भेटत नाई तोच दुसऱ्याचं बघू शकत नाई. का केवलभाऊ?"

केवलरामनं भिंग काढलं. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"तसंही त्या टेबलाच्या जागी तारिकोवाले काचेचा शोकेस ठेवतो म्हणतात," शेठ म्हणाले. "महिन्याचे दीड हजार भाडं देऊन राहिले. मी तुमच्यासाठी थांबलो होतो. चार वाजेपर्यंत पान सापडलं त ठीक. नाई त उद्या टेबल उचला."

२

केवलरामला टेबलाशिवाय स्वतःची कल्पनाच करता येत नव्हती. घरी तो जेवायला आणि झोपायला जायचा. माणूस म्हणून असायला तो इथं यायचा.

त्यानं वही खिळ्यावरून काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ सोडून दुसऱ्या कशावर तरी भिंग लावलं.

पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. शिलाईजवळ बोटभर पट्टी शिल्लक होती आणि तिची कड दात लागल्यासारखी. एका झटक्यात कापलेलं नाही. बारीक बारीक चावे. प्रत्येक चावा वाकडा, चंद्रकोरीसारखा. आणि एक गोष्ट फक्त भिंगातून दिसत होती: कागदाची वरची बाजू धारेनं कापलेली, खालची बाजू चेपलेली.

"कात्री नोहे," तो स्वतःशी म्हणाला. "कात्रीले दोन पाती असतात. इथं पातं एकच हाय."

मग त्यानं हिमांशूला बोलावलं. हिमांशू तारिकोचा टी-शर्ट आणि बापाचा घड्याळी पट्टा घालून यायचा. पट्ट्यात घड्याळ नव्हतं. केवलरामला तो त्यासाठीच आवडत नसे.

"तू नेलं का बे?"

"मी?" हिमांशूनं छातीवर हात ठेवला. "काका, इमानदारीनं सांगतो, लय वेळा मनात आलं. पन मी नाई नेलं. मी नेलं असतं त एव्हाना स्टेटसले ठेवलं असतं."

"मंग काल पान होतं का?"

हिमांशू थोडा लाजला. त्यानं मोबाईल काढला. त्यात एक अल्बम होता. अल्बमचं नाव 'दुश्मन'. त्यात रीताच्या पानाचे तीस फोटो होते, रोजचा एक, संध्याकाळी शटर पाडायच्या आधी काढलेला. पहिल्या फोटोत एक स्टिकर, शेवटच्यात एकतीस. बायकोनं नवऱ्याच्या दाढीचे फोटो काढले नसतील इतक्या प्रेमानं काढले होते.

"रातच्याले झोप नाई येत काका. हे पाहून पाहून मग लागते."

"म्हंजे काल संध्याकाळी होतं. आज सकाळी अकराले नाई. आन् दहापासून इथं आपन सगळेच."

"म्हंजे आपल्यातलंच कोनीतरी."

 केवलरामनं वहीचं पान उलटलं. हिमांशूच्या पानावर भिंग धरलं आणि तसाच थांबला.

"हिमांशू," तो म्हणाला, "यातले आठ स्टिकर तुहे नाई."

३

हिमांशूच्या पानावरचे एकवीस स्टिकर ब्लेडनं कापलेले होते: खालच्या पुठ्ठ्यासकट, चारही कडा सरळ. हिमांशूनं स्टिकर ब्लेडनं कापताना सगळ्यांनीच पाहिलं होतं. एकदा बोटही कापून घेतलं होतं त्यानं. उरलेल्या आठांना पुठ्ठाच नव्हता. नुसता कागद, कडा जराशा वर वळलेल्या. गरम हवा देऊन हळूच सोलून काढल्यासारख्या.

रीता उडीच मारून आली. "माहे हायेत ते! पाय, म्या सांगितलं होतं! यानंच नेलं पान आन् माहे स्टिकर काढून आपल्या पानावर डकवले!"

"अबे पागल हाय का तू?" हिमांशू ओरडला. "आठच कायले काढीन? सगळेच काढले असते न!"

"तितकी अक्कल असती त तू पयला नसता का?"

काउंटरसमोर उभा असलेला गिऱ्हाईक हळूच चार्जर ठेवून निघून गेला.

केवलरामनं हिमांशूच्या अल्बममधला शेवटचा फोटो मागितला. बोटांनी मोठा केला, वर भिंग लावलं. आता रीताचा एकेक स्टिकर भाकरीएवढा दिसत होता. कडेला कात्री, कोपरे गोल. प्रत्येक कोपरा गोल. रीता शाळेत चित्रकलेत पहिली आली होती आणि ते तिला कुठंतरी सांगायचं राहून गेलं होतं.

"रीता, हे तुहे नाई. तू कात्रीनं कापते, पुठ्ठ्यासकट. हे सोललेले हायेत."

सगळे एकदम सोनूकडे वळले. गोरेगावात फोन गरम हवेनं सोलायचं मशीन एकाच माणसाकडे होतं.

सोनू तिशीचा, दोन पोरांचा बाप. त्यानं अजूनही छताकडेच पाहणं चालू ठेवलं. मग म्हणाला, "विकले म्या."

"काय विकले?"

"स्टिकर. हिमांशूले. दोनशेले एक. माहे चौदा झाले होते खरे. पन चौदावाला काही पयला येत नाई. म्हटलं, आपन त हरूनच राहिलो, मंग जी जितते तिले तरी हरवू." त्यानं पहिल्यांदा रीताकडे पाहिलं. "तू गिऱ्हाइकाले सांगतेस, काचेची गरज नाई, फोन मजबूत हाय. माहा धंदा काचेचा. तुह्या एकेका फोनमागं माही एकेक काच बसली न घरी."

 रीतानं खरंच तसं सांगितलं होतं. एकतीस वेळा.

केवलरामला वाटलं, या दुकानात आपण एकटेच जळत होतो असं समजून सव्वीस वर्षं वाया घालवली.

"म्हंजे हिमांशूनं आपल्याच पैशानं बेईमानी केली," तो म्हणाला, "आन् पान कोनी नेलं ते अजून माहीतच नाई."

गल्ल्यावरून शेठचा आवाज आला. "एक वाजला, केवलभाऊ."

त्याच वेळी केवलरामनं वहीचं शेवटचं भरलेलं पान उघडलं. वर नाव होतं: उमराव. खाली तीस स्टिकर. त्यानं भिंग टेकवलं.

प्रत्येक स्टिकरची कड चावलेली होती. बारीक, वाकड्या, चंद्रकोरीसारख्या चाव्यांनी. वर धार, खाली चेपलेली.

ज्यानं रीताचं पान कापलं, त्यानंच उमरावचे स्टिकर कापले होते.

४

उमरावला कोणी पाहिलं नव्हतं.

तो शेठचा दूरचा भाचा होता, असं शेठनं महिन्याच्या सुरुवातीला सांगितलं होतं. फिरता सेल्समन. देवरीच्या जंगलाकडच्या खेड्यांत मोटारसायकलवर डबे घेऊन जातो आणि विकतो. त्याच्या पानावर बहुतेक रोज एक स्टिकर वाढायचा. बाजाराच्या दिवशी दोन किंवा तीन. दुकानातले तिघं एकमेकांवर जळून थकले, की सगळे मिळून उमराववर जळायचे. ती तेवढीच त्यांची एकी होती.

"तिकडं नेटवर्कच नाई," हिमांशू म्हणायचा. "फोन घेऊन लोकं काय करतात? फळी म्हनून वापरतात का?"

"दिसाले चांगला असंन," रीता म्हणायची. आणि मग लगेच, "असंन त असंन, आपल्याले काय."

आता रीता केवलरामच्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तोच. माहे एकतीस, त्याचे तीस. माहं पान गेलं की पयला कोन? उमराव. पाच हजार त्याले, वाघाचा शेला त्याले."

"पन आज सकाळी तो इथं आला कवा?"

"लपून आला असंन."

"चौदा फुटांच्या दुकानात?"

रीतानं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, "काका, मले त्या पैशाचं नाई हो एवढं. पन महिनाभर मी माह्या पायावर उभी होती. सुजून राहिले पाय. आन् तो मानूस, ज्याचं तोंड मी पाहिलं नाई, तो नेईन?"

केवलरामला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या मनात आलं: माझ्या सव्वीस वर्षांचे स्टिकर असते, तर वही पुरली नसती. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि ती झाकायला तो घाईनं म्हणाला, "शेल्फात तारिकोचे किती डबे उरले, ते मोज."

"ते कायले?"

"मोज न माय."

तिनं मोजले. चोवीस. एक तारखेला एकशेवीस आले होते. ते सगळ्यांच्या लक्षात होतं, कारण डबे केवलरामच्या टेबलावर उतरवले होते आणि तो दिवसभर उभा होता.

एकशेवीसातून चोवीस गेले. शहाण्णव विकले.

त्यानं घड्याळाच्या पावतीच्या मागं लिहिलं. रीता एकतीस. हिमांशू एकोणतीस. सोनू सहा. उमराव तीस. बेरीज केली. पुन्हा केली. शहाण्णव. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

हिशेब तंतोतंत जुळला होता. आणि तो जुळायला नको होता.

५

दीड वाजले. तिघं डबे खायला मागच्या खोलीत गेले, वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून बसले. रोजच्यासारखे शेठ गल्ल्यावरून उठून काउंटरवर आले.

"ले जाओ भैया," ते एका गिऱ्हाइकाला म्हणत होते, "कॅमेरा एकदम जबरदस्त. भैंस का भी फोटो लोगे तो दुल्हन दिखेगी."

गिऱ्हाइकानं तारिकोचा फोन घेतला.

केवलराम हे महिनाभर ऐकत आला होता. ऐकत, पाहत नव्हे: एक डोळा भिंगात, दुसरा मिटलेला, त्याच्यासमोर कोणी हत्ती विकला असता तरी त्याला सोंडेचा आवाज तेवढा आला असता. पण ऐकलं होतं नक्की. जेवणाच्या सुट्टीत शेठ बहुतेक रोज एक फोन विकायचे. बाजाराच्या दिवशी दोन किंवा तीन.

मग शेठनं विकलेले फोन कुठं गेले? स्कीम मालकाला नव्हती. मालकाच्या डब्यांचे स्टिकर डब्यांवरच घरी जायला हवे होते. शहाण्णवमधून निदान तीसेक फोन असे हवेत, ज्यांचा स्टिकर वहीत नाही. पण वहीत शहाण्णवच्या शहाण्णव होते.

म्हणजे शेठचे फोन कोणाच्या तरी पानावर चढत होते. रीताच्या पानावर गोल कोपरे. हिमांशूच्या पानावर ब्लेड आणि सोलणं. सोनूच्या पानावर सोलणं. उरलं एक पान.

उमराव देवरीच्या जंगलात नव्हता. उमराव कुठंच नव्हता.

शेठनं विकलेल्या डब्याचं काय होतं, ते आता केवलरामनं दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. गिऱ्हाइकाच्या फोनला सिम टाकताना शेठनं डबा काउंटरखाली नेला. कच, कच, कच असा बारीक आवाज आला. सुपारीचा आवाज. पण तोंडात सुपारी गेली नाही; वही केवलरामजवळ होती, म्हणून स्टिकर शेठच्या खिशात गेला.

अडकित्ता. वर एक पातं, खाली लोखंडाचा पाट. वर धार, खाली चेपलेलं.

केवलरामला आनंद व्हायला हवा होता. कोडं सुटलं होतं. त्याऐवजी तो तसाच बसून राहिला. चार वाजेपर्यंत चोर सापडला नाही, तर टेबल जाणार. आणि सापडला, चारचौघांत नाव घेतलं, तर चोर स्वतःच टेबलाचा मालक होता.

सव्वातीन वाजता तिघं मागच्या खोलीत चहाला गेले, तेव्हा तो उठला आणि गल्ल्याजवळ गेला.

"शेठजी," तो हळू आवाजात म्हणाला, "उमरावले बोलवा. मले त्याले भेटाचं हाय."

६

शेठचा हात अडकित्त्यावर थांबला.

"तो देवरीले हाय."

"तो इथंच बसला हाय."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. शेठनं आधी दाराकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे, मग केवलरामकडे. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर केवलरामजवळ शहाण्णव आणि चंद्रकोर एवढंच होतं. पण महिनाभर कोणाजवळ तरी बोलायचं होतं त्यांना.

"तू सांग केवल," ते म्हणाले. 'भाऊ' आणि 'तुम्ही' दोन्ही गळून पडले होते. "दुकान माहं. लाईट बिल मी भरतो. शटर मी उघडतो. आन् एका फोनमागं मले सुटतात साडेतीनशे. रीताले पगार मी देतो, त्याच्यावर कंपनी देते चारशे! माह्याच दुकानात, माह्यापेक्षा पन्नास जास्त! आन् ते धर्मेंद्र सर आले की कोनाशी हात मिळवतात? तिच्याशी. मले म्हनतात, शेठ, जरा पानी सांगा."

"म्हून तुमी उमराव झाले."

"पयले फक्त गंमत म्हून. मंग एकवीस झाले, तिचे बावीस. मी तेवीस केले त तिचे पंचवीस." शेठचे डोळे भरून आले होते. "मी दुपारचं जेवन सोडलं केवल. आठ किलो उतरलो. तरी एकानं हरलो. त्या पोरीपुढं, एकानं!"

"आज सकाळी आधी कोन आलं होतं?"

"मीच. दहाच्या आधी."

"आन् पान?"

शेठनं अडकित्ता उगाच उघडला, मिटला.

"मी सांगतो," केवलराम म्हणाला. "हिमांशूनं नेलं असतं त दहा जनाले दाखवलं असतं. सोनूनं नेलं असतं त विकलं असतं. पन ते पान बारा हजार चारशेचा कागद हाय. तुमी दुकानदार. नोट फाटली तरी तुमी चिटकवून चालवता. तुमी तो कागद फेकून देऊच शकत नाई. जिथं दुकानातल्या सगळ्या पैशाच्या चिठ्ठ्या ठेवता, तिथंच ठेवलं असंन."

गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटो होता. त्याच्या मागून उधारीच्या चिठ्ठ्यांची टोकं बाहेर आली होती. केवलरामनं हात घातला. घडी केलेलं पान बाहेर आलं. एकतीस स्टिकर. गोल कोपरे.

शेठनं त्याचं मनगट पकडलं. "कोनाले सांगितलं त टेबल आजच बाहेर जाईन. आत्ता. रस्त्यावर."

दारात चपला वाजल्या. "नमस्कार, नमस्कार!" धर्मेंद्र सर पाऊण तास आधीच आले होते. खांद्यावर बॅग, हातात वाघाच्या पट्ट्यांचा शेला. "आज भंडाऱ्यालाही जायचंय, म्हटलं इथं लवकर उरकू. सगळ्यांचे फोटो काढायचे, पैसे द्यायचे. फोटोशिवाय कॅश नाही, हां. त्या उमरावना आधी बोलवा. शेठ, तुम्ही फोनवर म्हणालात, पहिल्याच महिन्यात तीस! कुठं आहेत?"

 शेठचा चेहरा सुपारीसारखा दिसत होता, कातरायच्या आधीच्या.

७

"मी," केवलराम म्हणाला.

मागच्या खोलीतून तिघं बाहेर आले होते. हिमांशूचं तोंड उघडलं. रीतानं त्याच्या पायावर पाय दिला. तिला अर्धंच कळलं होतं, पण शेठचा चेहरा पाहून तेवढं पुरेसं होतं.

"तुम्ही उमराव? पण तुम्ही तर घड्याळांचं बघता ना?"

"उमराव घरचं नाव हाय सर. कागदावर केवलराम." त्यानं पान पुढं केलं. "आन् हे रीताचं पान. फोटोमागं जाऊन पडलं होतं. एकतीस. पयली तीच हाय. मी दुसरा."

धर्मेंद्र सरांनी स्टिकर मोजले. पान कापलेलं का आहे, ते विचारायला तोंड उघडलं, पण आकडा बघून मिटलं. रीताच्या खांद्यावर शेला चढला. तिचे बारा हजार चारशे आणि वरचे पाच हजार तिनं घेतले आणि मोजले नाहीत; ती फक्त शेठकडे पाहत राहिली. मग केवलरामचा फोटो निघाला, आणि बारा हजारांचं पाकीट केवलरामच्या हातात आलं. ते पाकीट शेठच्या नाकासमोरून गेलं. नाकानं त्याचा पाठलाग केला, मान फिरली, पण शेठना तोंड उघडता येत नव्हतं. उघडलं असतं, तर उमराव कोण ते सांगावं लागलं असतं.

"वा!" धर्मेंद्र सर म्हणाले. "घड्याळाच्या टेबलावरून तीस फोन! भंडाऱ्याचा आमचा एक जण आहे, सारखा आपल्या एका सेल्समनचं कौतुक ऐकवतो. आता मी ऐकवतो त्याला. शेठ, इथं आम्ही शोकेस ठेवणार होतो ना?"

"हो न सर," शेठ घाईनं म्हणाले. "आजच ठेवा. टेबल मी आत्ता..."

"छे, छे! टेबल हलवू नका. इथंच तर विकतात ते. असं करा, वर्षभर हे टेबल इथंच राहील, असं लिहून द्या. भाडं तेच, दीड हजार. यांच्या नावाचा बोर्ड आम्ही लावतो."

शेठनं सही केली. पेन कागदात रुतलं.

सर गेल्यावर शेठ टेबलापाशी आले. "केवल... केवलभाऊ. ते पाकीट."

"कोन्तं?"

"अर्धं तरी."

"मांगा न," केवलराम म्हणाला. "सर अजून बस स्टँडवरच असतीन. आवाज देऊ का?"

शेठ परत गल्ल्यावर जाऊन बसले. त्यांनी सुपारी घेतली, आणि बराच वेळ कातरली नाही. तिथून ते केवलरामकडे ज्या नजरेनं पाहत होते, ती नजर केवलरामनं लगेच ओळखली. सव्वीस वर्षं ती त्यानंच वापरली होती.

दुसऱ्या दिवशी एक तारीख. नवी वही टांगली गेली. साडेदहाला रीतानं पहिला स्टिकर कापला, चारही कोपरे गोल केले आणि चिकटवला. उमरावचं पान कोरं होतं. केवलराम त्या कोऱ्या पानाकडे पाहत राहिला. एकतीस आणि तीस. एकाच फोनचा फरक. रात्रभर त्याला झोप आली नव्हती.

एक म्हातारा आत आला आणि मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. "बंद पडलं भाऊ. पाहून दे."

केवलरामनं भिंग डोळ्याला लावलं नाही. घड्याळ उचललंही नाही.

"काका, हे कायले वागवून राहिले आता?" तो म्हणाला. "फोन घ्या न एक. त्यात घड्याळ फुकट येते. चावी नाई, सेल नाई, काही नाई."

काउंटरवर रीताच्या हातातली कात्री थांबली.

म्हाताऱ्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग केवलरामकडे. "पन हे घड्याळ त तूच विकलं होतं मले. म्हनला होता, याच्यापेक्षा चांगली वस्तू दुनियेत नाई."

"हो," केवलराम शेल्फातला तारिकोचा डबा काढत म्हणाला, "तवा मले कमिशन नव्हतं."